जंगलातली झुंज, पण जंगल कुठंय?

हेवीवेट बॉक्सिंगमधली सर्वांत गाजलेली लढत जगाला ‘रंबल इन द जंगल’ म्हणून माहीत आहे. तारीख ३० ऑक्टोबर १९७४, गाव किन्शासा, देश तेव्हाचा झाईर. एका कोपऱ्यात जॉर्ज फोरमन, दुसऱ्या कोपऱ्यात मुहम्मद अली. आणि जंगल? ते फक्त नावात. लढत झाली भर राजधानीत, फुटबॉलच्या स्टेडियमवर. प्रेक्षक साठेक हजार, माथ्यावर फ्लडलाइट, बाहेर डांबरी रस्ता. ज्याच्या जिल्ह्याचा तीन चतुर्थांश भाग जंगलाने व्यापलाय अशा गडचिरोलीकराने यावर हसून घ्यायला हरकत नाही. आपल्याकडे जंगल आहे, झुंजी आहेत, रात्रभर जागणारं पब्लिक आहे. नाही ती फक्त रिंग.

रिंग तशी कुठेही सारखीच. चार खांब, चार दोर, वर ताणलेलं कॅनव्हास. हौशी स्पर्धांत दोरांच्या आतली बाजू ६.१ मीटर, व्यावसायिक लढतीत साधारण १८ ते २२ फूट. आपल्या घरातल्या दोन खोल्या एक केल्या की होईल एवढी जागा. पण ही एवढीशी चौकट कुठे मांडायची, यावरून सरकारं हलली आहेत, बँका बुडाल्या आहेत आणि निकालही फिरले आहेत. मोठ्या लढतीत आधी ठरतात पैसा, कायदा आणि घड्याळ. बॉक्सर त्यानंतर विमानात बसतात.

पहाटे चारचा तिसरा अंक

किन्शासातली लढत सुरू झाली पहाटे चारला. का? कारण तेव्हा न्यूयॉर्कात रात्रीचे दहा वाजलेले होते आणि अमेरिकेतल्या थिएटरांमध्ये तिकीट काढून बसलेल्या लोकांना ती पडद्यावर दाखवायची होती. पैसा होता झाईरचा हुकूमशहा मोबुटू याचा. दोन्ही बॉक्सरना प्रत्येकी ५० लाख डॉलर कबूल झाले होते. देशाचं नाव जगभर व्हावं म्हणून एवढा खर्च. आणि नाव झालंही, फक्त अलीचं जरा जास्त.

मूळ तारीख होती २५ सप्टेंबर. सरावात फोरमनच्या डोळ्याच्या वर चीर पडली आणि लढत पाच आठवडे पुढे ढकलली. जोडीला संगीताचा महोत्सव ठेवलेला होता, त्याचे कलाकार येऊन पोचलेले. मग काय, गाणं ठरल्या वेळी झालं आणि मारामारी नंतर. लग्नाआधी वरात निघावी तसं.

फोरमनचं आणखी एक चुकलं. तो सोबत आपला जर्मन शेफर्ड घेऊन आला. बेल्जियमच्या राजवटीत पोलिसांकडे असलेच कुत्रे असायचे, त्याची आठवण तिथल्या लोकांत ताजी होती. गावाने अली निवडला तो अशा लहानसहान गोष्टींतूनही. गर्दी ‘अली, बोमा ये’ ओरडत होती, म्हणजे अली, मार त्याला.

आता गंमत बघा. दमट उकाड्यात रिंगचे दोर सैल पडले होते. अली त्या सैल दोरांवर रेलून उभा राहिला, फोरमनचे ठोसे हातांवर आणि बरगड्यांवर झेलत राहिला, आणि आठव्या फेरीत दमलेल्या फोरमनला त्याने आडवा केला. हाच सामना वातानुकूलित सभागृहात, ताठ दोरांत झाला असता तर? फोरमनच्या गोटातून बरीच वर्षं दोरांचाच विषय निघत असे. लढत संपल्यावर थोड्याच वेळात असा पाऊस कोसळला की तासभर आधी आला असता तर सगळा कार्यक्रमच वाहून गेला असता.

पहाटे चार ही वेळ जगाला अचाट वाटली. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत कुणाला वाटणार नाही. दिवाळीनंतर मंडया, म्हणजे गावोगावच्या जत्रा, सुरू झाल्या की वडसा, ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, आरमोरी या पट्ट्यात होळीपर्यंत नाटकांचा हंगाम असतो. दिवसा शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, रात्री नाटक. नाटक सुरू व्हायला दहा-अकरा वाजतात आणि पडदा पडतो तो कोंबडा आरवायच्या सुमाराला. चटई, शाल, शेंगदाण्याची पुडी आणि मांडीवर झोपलेलं पोर, एवढ्या तयारीनिशी बाया-माणसं बसतात. पहाटे चारला इथे तिसरा अंक रंगात आलेला असतो. कुणी उठून गेलंच तर चहाला.

नदीची वाळू आणि ९५ सेकंद

माझ्या मते जागा निवडण्याचा सर्वांत बेरकी किस्सा १८९६ सालचा आहे. बॉब फिट्झसिमन्स आणि पीटर माहेर यांची हेवीवेट लढत ठरली होती. प्रायोजक डॅन स्टुअर्टला ती टेक्ससात घ्यायची होती. तिथल्या गव्हर्नरने आधीच खास अधिवेशन बोलावून बक्षिसाच्या लढतींवर बंदी आणली होती. शेजारच्या न्यू मेक्सिकोतही कायदा आडवा आला. नदीपलीकडे मेक्सिको, तिथलं सरकारही ‘नको’ म्हणालं.

तेव्हा मदतीला धावला लँग्ट्री नावाच्या टीचभर गावातला रॉय बीन. हा दारूचा गुत्ता चालवायचा आणि त्याच गुत्त्यात न्यायाधीश म्हणूनही बसायचा. त्याने उपाय काढला: रिओ ग्रांदे नदीच्या पात्रातली वाळू. पलीकडच्या बाजूची, म्हणजे टेक्ससचा कायदा लागू नाही. आणि मेक्सिकोचे शिपाई येऊन पोचेपर्यंत सगळं उरकलेलं. एल पासोहून खास रेल्वे भरून प्रेक्षक आणले. २१ फेब्रुवारीला नदीवर तात्पुरता पूल टाकून मंडळी वाळूवर उतरली. टेक्सस रेंजर्स काठावरच्या कड्यावर उभे राहून बघत होते. त्यांना हद्दीबाहेर काही करता येत नव्हतं, आणि लढत फुकटात दिसत होती. एवढा खटाटोप करून सामना किती चालला? ९५ सेकंद. माहेर पहिल्याच फेरीत झोपला. चित्रण करायला कॅमेरा आणला होता, आभाळ भरून आल्यामुळे तेही राहिलं.

हा किस्सा चंद्रपूर-गडचिरोलीत सांगितला की लोक एकमेकांकडे बघून हसतात. कारण कोंबडबाजार. संक्रांतीच्या आगेमागे जंगलाच्या शिवारात, नाल्याच्या काठी, मोबाइलला रेंज नसेल अशा जागी कोंबड्यांच्या झुंजी लागतात. पायाला लोखंडी काती बांधलेली, भोवती गोल करून उभी माणसं, हातात नोटा. सगळं बेकायदा: प्राण्यांच्या छळाविरुद्धचा १९६० चा कायदा आहे, जुगारबंदीचा त्याहून जुना, १८८७ चा. पोलिसांची धाड पडली की दुसऱ्या दिवशी पेपरात मुद्देमालाची यादी येते, ती जवळजवळ पाठ झालेली: झुंजीचे कोंबडे, काती, रोख रक्कम आणि पळून गेलेल्यांच्या मागे राहिलेल्या दुचाक्या. सिरोंचाकडे तर प्राणहिता आणि गोदावरीच्या पलीकडे दुसरं राज्य आणि दुसरा कायदेकानून. रॉय बीनला इथे सोडला असता तर एका उन्हाळ्यात स्थायिक झाला असता. कोंबड्याचं मात्र मला वाईट वाटतं. फिट्झसिमन्सने निदान करार केला होता.

शंकरपटाची गोष्ट वेगळी, तो उघड्यावर चालतो. तरी त्याचंही मैदान कायद्याने काही वर्षं रिकामं ठेवलं. ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींवर बंदी आणली, १६ डिसेंबर २०२१ ला महाराष्ट्राला पुन्हा मुभा मिळाली, आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा मान्य केला. धान कापून मोकळ्या झालेल्या बांध्यांतून बैलजोड्या पुन्हा पळू लागल्या आणि रात्रीच्या नाटकांना गर्दीही पुन्हा वाढली.

पळता भुई थोडी

कायद्याने बॉक्सिंगला किती गावं दाखवली, ते झटपट बघू.

जॅक जॉन्सन हा पहिला कृष्णवर्णीय हेवीवेट जगज्जेता. अमेरिकेत त्याला किताबाची संधी कुणी देईना. अखेर २६ डिसेंबर १९०८ ला ती मिळाली सिडनीत, कारण तिथल्या प्रायोजकाने गोऱ्या जगज्जेत्या टॉमी बर्न्सला ६ हजार पौंड देऊ केले. चौदाव्या फेरीत पोलिसांनी सामना थांबवला. १९१० मध्ये जॉन्सनची माजी जगज्जेत्या जेफ्रीजशी लढत सॅन फ्रान्सिस्कोत होणार होती. ऐनवेळी गव्हर्नरने नाही म्हटलं आणि सगळा लवाजमा नेवाडातल्या रीनो गावी हलला. १९१५ मध्ये जॉन्सन अमेरिकेत खटल्यात दोषी ठरून फरार होता, म्हणून लढत झाली हवानात. रणरणत्या उन्हात तो सव्विसाव्या फेरीत जेस विलार्डकडून हरला.

अलीलाही हेच भोगावं लागलं. व्हिएतनाम युद्धात भरती व्हायला त्याने १९६७ मध्ये नकार दिला आणि राज्याराज्यांनी त्याचे परवाने काढून घेतले. २६ ऑक्टोबर १९७० ला तो परतला तो अटलांटात. का? तर जॉर्जिया राज्यात बॉक्सिंगचं नियंत्रण करणारं मंडळच नव्हतं. मनाई करणारा साहेबच नाही म्हटल्यावर शहरानेच परवाना देऊन टाकला.

त्याआधी १९६५ मध्ये त्याची सनी लिस्टनशी दुसरी लढत बॉस्टनमधून हुसकली गेली आणि मेन राज्यातल्या लुइस्टन या गिरण्यांच्या गावी, पोरांच्या आइस हॉकीच्या हॉलमध्ये झाली. प्रेक्षक २,४३४. जगज्जेतेपदाची लढत, आणि गर्दी आपल्याकडच्या बऱ्या मंडईपेक्षा कमी! पण पडलेल्या लिस्टनवर हात उगारून ओरडणाऱ्या अलीचा तो जगप्रसिद्ध फोटो याच हॉलमधला.

पाइनच्या फळ्या, बल्लारशाचं सागवान

जुन्या काळी मोठ्या लढतीसाठी स्टेडियम शोधत नसत, ठोकत असत. २ जुलै १९२१ ला जर्सी सिटीत जगज्जेता जॅक डेम्प्सी आणि त्याचा आव्हानवीर कार्पेंतिये लढले ते लाकडी वाडग्यासारख्या मैदानात. ८० हजारांवर प्रेक्षक, आणि तिकिटांचे पैसे पहिल्यांदाच १० लाख डॉलरच्या पार गेले. गर्दी उठून उभी राहिली की पाइनच्या फळ्यांचा तो डोलारा डुलायचा.

इथे थोडी शेखी मिरवतो. लाकूडच हवं असेल तर आमच्याकडे या. नव्या संसद भवनात चंद्रपूर-गडचिरोलीचं सागवान आहे, अयोध्येच्या राममंदिराच्या दारांना आहे. आलापल्लीच्या सागाचा आखाडा केला तर तो डुलणार नाही. फक्त त्याची किंमत ऐकून प्रायोजक डुलेल.

महाराष्ट्राने मात्र फळ्या ठोकण्यापेक्षा शहाणा मार्ग काढला होता. शाहू महाराज १९०२ मध्ये इंग्लंडला गेले तेव्हा त्यांनी रोमचं जुनं प्रेक्षागार पाहिलं आणि कोल्हापुरात खासबाग मैदान उभं केलं, १९१२ मध्ये ते पूर्ण झालं. बॉक्सिंगची रिंग जमिनीपासून मीटरभर उचलतात, म्हणजे पुढच्या रांगेतल्या पाहुण्यांच्या माना आखडतात आणि मागच्याला टोप्या दिसतात. खासबागेत हौदा मध्यभागी आणि प्रेक्षक भोवतीच्या चढत्या उतारावर. शेवटच्या ओळीतल्या माणसालाही पैलवान पट काढताना दिसतो, तेही खांब किंवा दोर मध्ये न येता. जगातल्या कुठल्याही बॉक्सिंग प्रायोजकाने एकदा तिथे बसून कुस्ती बघावी.

ऊन नावाचा तिसरा गडी

अली आणि जो फ्रेझर यांची तिसरी लढत १ ऑक्टोबर १९७५ ला, ‘थ्रिला इन मनिला’. तीही मनिलात नव्हतीच. शेजारच्या केझॉन सिटीत, अरानेटा कोलिझियममध्ये. पैसा फिलिपीन्सच्या मार्कोस सरकारचा, वेळ सकाळी दहाची, कारण पुन्हा अमेरिकेची संध्याकाळ. बंद सभागृह, वरून दिव्यांची धग, वातानुकूलन कोलमडलेलं. चौदा फेऱ्यांनंतर फ्रेझरचे डोळे सुजून मिटले होते आणि त्याचा प्रशिक्षक एडी फचने त्याला पंधराव्या फेरीला उठू दिलं नाही. अली नंतर म्हणायचा की मरण किती जवळ असतं ते तिथे कळलं. पुढच्याच वर्षी त्या सभागृहाशेजारी ‘अली मॉल’ नावाचं दुकानांचं संकुल उभं राहिलं.

चंद्रपुरात मे महिन्यात पारा ४६ वर गेला तर कुणी मान वर करून बघत नाही. वीज केंद्राच्या चिमण्या, कोळशाच्या खाणी, तापलेले दगड. इथे उन्हाळ्यात सकाळी दहाला लढत लावली तर चौदा फेऱ्या सोडा, पंचच चौथ्या फेरीत कांद्याचा वास घेत बसेल.

टोकियोत उलटं झालं. तिथे माइक टायसनला गारठवलं ते शांततेने. ११ फेब्रुवारी १९९० ला, अमेरिकी टीव्हीसाठी भर दुपारी, टोकियो डोममध्ये तो बस्टर डग्लसपुढे उभा राहिला. डग्लसवर ४२ ला १ असा भाव होता. लास वेगसात असतो तो आरडाओरडा नाही, जपानी प्रेक्षक नाटक बघितल्यासारखे चिडीचूप. दहाव्या फेरीत टायसन गुडघ्यांवर, तोंडातून पडलेला माउथगार्ड चाचपडत.

शेल्बीचं दिवाळं

आता ज्यांना खरोखर वाटतंय की एक मोठी लढत आपल्या जिल्ह्यात आणावी, त्यांनी हा भाग चहा बाजूला ठेवून वाचावा.

माँटाना राज्यात, कॅनडाच्या सीमेजवळ, शेल्बी नावाचं गाव. आसपास खनिज तेल सापडलं होतं, जमिनीचे भाव चढले होते. गावातल्या चार उत्साही मंडळींना वाटलं, जगज्जेता जॅक डेम्प्सीची लढत आणली की गाव नकाशावर येईल. तार केली. डेम्प्सीचा व्यवस्थापक जॅक कर्न्स पक्का होता. त्याने ३ लाख डॉलर मागितले, तीन हप्त्यांत. पहिला हप्ता गेला, दुसरा वर्गणी आणि कर्ज काढून कसाबसा गेला, तिसऱ्याला गावाचे खिसे रिकामे. मध्ये ४० हजार माणसं बसतील असा लाकडी आखाडा उभा राहिलेला. ‘होणार, नाही होणार’ अशा बातम्या रोज छापून आल्या आणि रेल्वे कंपन्यांनी खास गाड्या रद्द केल्या.

४ जुलै १९२३ ला लढत झाली. तिकीट काढून आलेले आठ हजारही नव्हते. तिकिटांचे जे काही पैसे जमले ते कर्न्सने तिसऱ्या हप्त्यापोटी उचलले आणि मंडळी आगगाडीत बसली. डेम्प्सी पंधरा फेऱ्यांनंतर गुणांवर जिंकला. पूर्ण वेळ टिकून राहिलेल्या टॉमी गिबन्सला मानधन म्हणून काही मिळालं नाही. पाठोपाठ परिसरातल्या बँका बंद पडू लागल्या. गाव नकाशावर आलं खरं. शंभर वर्षांनंतर एक मराठी लेखक त्याचं नाव लिहितोय, म्हणजे जाहिरात वसूल झाली म्हणायची.

मोबुटूला किंवा हल्ली सौदी अरेबियाला असा धक्का पेलतो, कारण तिथे तिकिटांवर हिशोब नसतोच. २०१९ मध्ये रुइझ आणि जोशुआ यांच्या लढतीसाठी सौदींनी दिरियात १५ हजारांचं तात्पुरतं स्टेडियम उभारलं. १८ मे २०२४ च्या रात्री रियाधमध्ये उसिकने फ्युरीला हरवून लेनॉक्स लुइसनंतरचा पहिला निर्विवाद हेवीवेट जगज्जेता होण्याचा मान मिळवला, तोवर तिथे मध्यरात्र उलटून गेली होती. सामना तिथला, घड्याळ लंडनचं.

वजनदार स्थानिक

आमच्याकडे हेवीवेट लढती होतच नाहीत असं नाही. त्यांना फक्त तिकीट जिप्सीचं लागतं. फेब्रुवारी २०१८ मध्ये ताडोब्यात जामुनबोडीच्या पाणवठ्यावर मटकासुर नावाचा वाघ आणि पिल्लासोबत आलेली अस्वलीण यांची जी जुंपली, तिचं चित्रण देशभर फिरलं. जागेचा मुद्दा इथेही तोच. उन्हाळा तोंडावर, पाणी एकच, तहान दोघांनाही. वाघाने तिला दाबलं, ती उलटून उठली, पुन्हा पाण्यात झटापट, आणि शेवटी दोघंही आपापल्या वाटेने गेले. गुणतक्ता कुणाकडे नव्हता. मला विचाराल तर एक फेरी अस्वलिणीची जास्त.

माणसांमधला विदर्भाचा हेवीवेट म्हणजे नागपूरची अल्फिया पठाण. ८१ किलोंवरच्या गटात तिने एप्रिल २०२१ मध्ये युवा जागतिक अजिंक्यपद जिंकलं, अंतिम फेरीत मोल्दोवाच्या बॉक्सरला ५-० असं धुऊन. चंद्रपूरहून दीडशे किलोमीटरवरची ही मुलगी जगज्जेती झाली ती पोलंडमधल्या केल्त्सेत. महाराष्ट्राच्या मातीवर मोठं बॉक्सिंग झालंच नाही असंही नाही. १९८० ची आशियाई बॉक्सिंग स्पर्धा मुंबईत झाली आणि हेवीवेटचं सुवर्ण कौर सिंगने घेतलं. त्याच वर्षी जानेवारीत हा फौजी दिल्लीत खुद्द अलीसमोर प्रदर्शनीय लढतीत उभा राहिला होता. २०१७ मध्ये विजेंदर सिंग वरळीच्या सभागृहात लढला. राज्याच्या पूर्वेकडे मात्र कुणाची नजर गेली नाही.

तरीही, समजा

लढत इथे आणायचीच म्हटली तर जागा आहे. बल्लारपूरजवळ विसापूरच्या संकुलात डिसेंबर २०२३ मध्ये राष्ट्रीय शालेय मैदानी स्पर्धा झाल्या, म्हणजे पाहुण्यांची सोय अगदीच नवखी नाही. पण मी वडशाला मत देईन. रेल्वे स्टेशन आहे, नाटक कंपन्यांच्या पाट्यांची ओळ आहे, मंडप ठोकणारे, दिवे लावणारे, पडदे ओढणारे हात तयार आहेत. काळ हिवाळ्याचा घ्यायचा. लंडनमध्ये रात्रीचे दहा, तेव्हा आपल्याकडे पहाटेचे साडेतीन. थंडी कडाक्याची, दोर ताठ, पब्लिक जागं. प्राथमिक लढतींच्या जागी पहिले दोन अंक, मध्ये लावणी, मग मुख्य सामना.

न्यूयॉर्कच्या सोयीने घ्यायचा तर सकाळी साडेआठ. ती वेळ नको. तेव्हा नाटक बघून घरी गेलेलं सगळं गाव झोपलेलं असतं.

एकच अडचण दिसते. भोंग्याची गाडी आठवडाभर ‘रात्री ठीक दहा वाजता’ ओरडत फिरते आणि तिसरी घंटा सव्वाअकराला होते, हे इथे सर्वांना ठाऊक आहे, त्यामुळे कुणी अकराच्या आधी येत नाही. उपग्रहाची वेळ मिनिटावर विकत घेतलेल्या ब्रिटिश वाहिनीच्या माणसाला हे आधी कुणी सांगायचं, एवढं फक्त ठरवावं लागेल.